बर्फातलं रक्त

सर, तुम्ही गुठळीनं गेलात. हातलाईच्या डोंगराकडच्या रस्त्यावर सकाळी फिरायला गेलात, एका दगडावर टेकलात आणि उठलाच नाहीत. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. हृदयाच्या नळीत गुठळी अडकली, ते म्हणाले. नळीला आतून कुठंतरी बारीकशी चीर गेली असेल, तिथं दहा-वीस प्लेटलेट चिकटल्या असतील, त्यांनी आणखी हजारोंना बोलावलं असेल. ज्यांच्यावर तुम्ही प्रबंध लिहिलात त्या तुमच्याच अंगात उलटल्या. काकूंचा हात माझ्या हातात होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की बरं झालं. आता लपवून काय करायचं? बरं झालं, असंच वाटलं मला. मग घरी येऊन मी जी रडले ती दुपारपर्यंत. त्या रडण्याचाही मला रागच आला.

कॉलेज तुमच्यावर स्मृती अंक काढतंय. संपादक मंडळातले दोघं परवा येऊन गेले. "मॅडम, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी तुम्हीच. दोन पानं द्या. सरांचे संस्कार, सरांची शिस्त, असं काहीतरी." मी हो म्हणाले. शोकसभेत मी दोनच वाक्यं बोलून खाली बसले होते, तेव्हा सगळ्यांना वाटलं बाईंचा कंठ दाटला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर सभा उधळली असती, एवढंच. आता लिहिते. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. नाही छापलं तर मी स्वतः छापून वाटीन, एसटी स्टँडवर उभी राहून.

आधी तुमचं चांगलं सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. ईटसारख्या गावातून बीएस्सी होऊन आलेली मी, बौद्धवाड्यातली पहिली. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून कॉलेजात लागले त्या दिवशी विभागात सहा माणसं होती आणि सहाही जणांनी माझ्याकडं न बघण्याची कला साधली होती. तुम्ही वर्गावरून आलात, हातावरचा खडू झटकलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "सुमन, स्टोव्ह तुझ्या टेबलाखाली आहे. चहा कर, मला आणि तुला." मी केला. तुम्ही प्यालात, आणि कपात अजून मागितलात. बाकीच्यांची तोंडं मला आजही दिसतात. तुम्हाला कल्पना नसेल त्या चहानं मला किती वर्षं बांधून ठेवलं. पुढं जेव्हा जेव्हा तुमच्यावर ओरडावंसं वाटलं तेव्हा तो कप मधे आला.

आणि तुम्ही शिकवायचात काय! जिल्ह्यात प्लेटलेट हा शब्द माहीत असणारी चार माणसं नसतील तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही फळ्यावर एक चपटी चकती काढायचात आणि म्हणायचात, "हिला केंद्रक नाही. म्हणजे डोकं नाही म्हणा. पण सांगाडा आहे, आणि तो कधी उभा करायचा हे हिला कळतं." चकतीच्या कडेकडेनं बारीक नळ्यांचं एक कडं फिरतं. बुरूड टोपलीला वरून जी जाड कड बांधतो तसं. त्या कड्यामुळं प्लेटलेट चपटी राहते, शांत राहते, रक्ताबरोबर वाहत जाते. आत ॲक्टिनचे सुटे सुटे तुकडे पडलेले. मंडपाचं सामान उतरवून ठेवतात तसे, अजून एकही बांबू उभा नाही. जखम झाली की कॅल्शियम वाढतं, कडं आक्रसतं, चकतीचा गोळा होतो, सुटे तुकडे जोडले जाऊन त्यांचे लांब धागे होतात आणि गोळ्याला चारी बाजूंनी काटे फुटतात. मग मायोसिन ते धागे खेचतं आणि सगळी गुठळी आवळली जाते. तेव्हा आवळणाऱ्या या दोन्ही प्रथिनांना मिळून एकच लांबलचक नाव होतं. स्नायूत असतात तेच ॲक्टिन आणि मायोसिन इथंही आहेत हे आपल्यापर्यंत हळूहळू पोचलं. सुट्या तुकड्यांना वेळेआधी जुळू न देणारी प्रथिनं असतात, आणि मायोसिनवर फॉस्फेटची खूण बसल्याशिवाय ते जोरात खेचत नाही, हे तर मी मास्तरीण झाल्यावर वाचलं. पण मुद्दा तुम्ही तेव्हाच सांगितला होता. "सुमन, धावणं सोपं आहे. वेळ येईपर्यंत थांबून राहणं ही खरी करामत आहे. प्लेटलेटचं सगळं शास्त्र त्या थांबण्यात आहे."

हे तुम्ही मला सांगितलंत. तुम्ही!

आता बर्फ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तालुक्याच्या दूध संघाला मदत करायचात. लॅक्टोमीटर लावणं, फॅट काढणं, दूध नासलं की का नासलं ते बघणं. संघ नवा होता, चेअरमन तुम्हाला मान द्यायचे आणि तुम्हालाही ते आवडायचं. तिथला नियम एकच, धार काढली की दूध थंड करायचं, उशीर केला की गेलं. हाच नियम तुम्ही प्रयोगशाळेत आणलात. बाबूभाई खाटकाकडून सकाळी उस्मानाबादी शेळीचं रक्त यायचं, गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या बाटलीत. ती बाटली थेट संघाच्या बर्फात. कोणी विचारलं तर तुमचं उत्तर तयार. "दूध काय आणि रक्त काय, अंगातून निघालं की नासायला लागतं." सगळे हसायचे. मीही हसले आहे. प्रबंधाची तीन वर्षं आपण त्या बर्फावर काढली. आपल्याला मायक्रोस्कोपखाली चपट्या प्लेटलेट फार कमी दिसायच्या, बहुतेक काटेरी गोळे. तुम्ही लिहिलंत की शेळीच्या प्लेटलेट माणसापेक्षा उतावळ्या असतात, जरा हात लागला की उभ्या राहतात. मी ते टाइप केलं. दोन प्रती.

प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात शकूचं लग्न ठरलं. शकुंतला, माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. मुलगा परंड्याकडचा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, शिकलेला, हसरा. बुद्धमूर्तीपुढं दोन हार घालून लग्न करायचं, ताशा नको, मानपान नको, असं दोन्हीकडून ठरलं होतं. मधेच शकूची दाढ दुखायला लागली. भूमच्या बाजारात एकानं ती काढली. दोन दिवस रक्त थांबेना, कारण माय तिला तासातासाला मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावत होती आणि जमलेली गुठळी दर वेळी धुऊन जात होती. हे आज मला कळतं. तेव्हा मुलाच्या घरी बातमी गेली की पोरीचं रक्त थांबत नाही. ते वाईट माणसं नव्हते. म्हणाले, कुठल्यातरी जाणत्याचा कागद आणा, म्हणजे मनातली शंका जाईल.

आणि मीच म्हणाले, "कागद मी आणते. आमच्या सरांएवढं या जिल्ह्यात कुणाला कळतं?" तुमच्या नावामागं अजून डॉक्टर लागायचं होतं, पण आमच्या घरी तुम्ही कधीच डॉक्टर झाला होतात. दादा, म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेत मास्तर, त्यांचा छापील शिक्क्यावर भारी विश्वास. मी स्वतः शकूच्या हातातून रक्त काढलं. ती घाबरली नाही, उलट मला म्हणाली, "आक्का, सरांना म्हणावं, लगीन हाय, चांगलं लिव्हा." सायट्रेटची बाटली थर्मासात ठेवली, भोवती ईटच्या दूध संकलन केंद्रातून मागून आणलेला बर्फ घट्ट भरला, आणि एसटीनं धाराशिवला कॉलेजात आले. वाटेत दोनदा झाकण उघडून बर्फ आहे ना ते बघितलं. इतकी काळजी घेतली मी.

तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावलात. चपटी एकही दिसली नाही, सगळे काटेरी गोळे. मग चाचणी नळीत कॅल्शियम घालून गुठळी होऊ दिलीत, ती सैल राहिली, आवळली नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि मला म्हणालात, "सुमन, वाईट वाटून घेऊ नकोस." मग कॉलेजच्या कागदावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलंत. सदर मुलीच्या रक्तातील प्लेटलेटमध्ये जन्मजात दोष आढळतो. जखम, शस्त्रक्रिया व बाळंतपण यांपासून जपावे. खाली सही, खाली शिक्का. बाळंतपणापासून जपावे हे ज्या मुलीचं लग्न महिन्यावर आलंय तिच्या कागदावर लिहिताना तुमचा हात अडखळला नाही. मी मात्र तो कागद घेऊन एसटीत बसले तेव्हा मला कुठंच जायचं नव्हतं.

मुलाकडचे आले, चहा प्याले, कागद वाचला. मुलाचा बाप दादांना म्हणाला, "गुरुजी, पोरगी सोन्यावानी हाय. पन उद्या बाळातपनात काय झालं तर तुमी आन् आमी दोगं बी जलमभर रडू. जय भीम." आणि गेले. शकू आत कपडे घड्या घालत बसली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्याभोवती पहारा बसला. विळा नाही, खुरपं नाही, सुरी नाही. नाक टोचलं नाही. दुष्काळ पडला तेव्हा बायाबापड्या खडी फोडायला रस्त्यावर गेल्या, माझ्या चुलत्या गेल्या, माय गेली. शकूला कामावर नेऊन बाभळीखाली बसवायचे, लोकांची पोरं सांभाळायला. हातोडी धरायची नाही. तिच्या बरोबरीच्या बाया हातांना फोड आलेले दाखवत हसायच्या आणि ही आपले मऊ हात पदराखाली ठेवायची. गावात तिला एक नाव पडलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही.

दुष्काळ वाढला तशी जनावरं छावणीत गेली. दूध आटलं, संघाचं शीतकेंद्र बंद पडलं, बर्फ संपला. शेळ्या मात्र लोक विकून टाकत होते, बाबूभाईकडं रक्ताला तोटा नव्हता. एक दिवस त्यानं बाटली तशीच पाठवली, कोमट. "बरफ नै है मॅडम, लेना है तो लेव," असा निरोप. मी घेतली. स्लाइड लावली आणि खुर्चीत मागं सरकले. सगळ्या चपट्या! एकेक चकती गुळगुळीत, कड नीट, एकीलाही काटा नाही. तीन वर्षांत मी इतक्या शांत प्लेटलेट पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सोलापूरहून भुशात गुंडाळून आलेला बर्फाचा एक तुकडा स्टँडवरच्या दुकानातून मिळवला, एकाच शेळीचं रक्त दोन बाटल्यांत केलं, एक बर्फात, एक टेबलावर. बर्फातल्या प्लेटलेटचं कडं विरघळलं होतं. गोळे झाले होते, काटे फुटले होते. जखम कुठंही नव्हती, थंडीनंच त्यांना उठवलं होतं. परत ऊब दिली तर काही चपट्या झाल्या, पुष्कळ झाल्याच नाहीत.

मला शेळी दिसेना सर. मला थर्मास दिसत होता.

तुम्हाला बोलावलं. तुम्ही दोन्ही स्लाइड पाहिल्यात, पुन्हा पाहिल्यात. मला वाटलं आता तुम्ही टेबलावर हात आपटाल, नेहमीसारखे "शाब्बास" म्हणाल. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता.

"नळ्या कशानं धुतल्यास?" तुम्ही विचारलंत.

"टँकरच्या पाण्यानं. मग उकळून."

"टँकरच्या पाण्यात काय असतं आपल्याला ठाऊक आहे? दुष्काळात प्रयोग असे होतात सुमन. हे दूषित आहे. वहीत घेऊ नकोस."

"सर, दूषित असतं तर त्या बिघडल्या असत्या. या तर चांगल्या राहिल्यात."

तुम्ही स्लाइड उचलून बाजूला ठेवल्यात. मी म्हणाले, "शकूचं रक्त मी बर्फात आणलं होतं. परत बघू. मी या रविवारी तिला इथंच घेऊन येते, गरम गरम काढू."

"माझ्या परवानगीशिवाय त्या मुलीच्या रक्ताला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नव्हतात. "एकदा दिलेला निकाल उठसूट बदलला तर लोक उद्या आपल्या कुठल्याच कागदाला विचारणार नाहीत. पाऊस पडू दे, पाणी चांगलं येऊ दे, मग बघू." आणि दारात थांबून म्हणालात, "तुझी एमएस्सीची नोंदणी माझ्याकडं करायची आहे ना? अर्ज आण उद्या."

अर्ज मी आणला. हे मी खाली मान घालून लिहिते आहे, पण लिहिते आहे.

पाऊस पडला. पाणी आलं. तुम्ही डॉक्टर झालात, सत्कार झाला, दूध संघानं शाल दिली. मी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा तुम्ही घड्याळाकडं बघितलंत. घरी मी दादांना सांगून पाहिलं की तो कागद चुकला असेल. दादा म्हणाले, "त्यावर सरांची सही हाय. तुजी कुठं हाय? आन तुज्या सरांकडून दुसरा कागद, लगेच फाडतो ह्यो." कागद ट्रंकेत ठेवला होता, माझ्या जन्मदाखल्याच्या शेजारी. दादा तीन वर्षांमागं वारले. जाताना मायला सांगून गेले, शकूला जप.

मी एमएस्सी झाले, तुमच्याच हाताखाली पीएचडी झाले, तुमच्याच विभागात शिकवायला लागले. तिथं मी माझा सूड शोधून काढला. दर वर्षी जुलैत मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन बाटल्यांचा प्रयोग दाखवते. एक बर्फात, एक टेबलावर. मुलांना सांगते, जिल्ह्यातल्या एका विद्वानानं ही चूक केली आणि एका बाईचा संसार होण्याआधीच मोडला. नाव सांगत नाही. मुलं विचारतात, मी म्हणते, शेजारच्या खोलीत कोण बसतं ते बघा आणि गप्प बसा. सर, त्या दिवशी दर जुलैत तुम्हाला नेमकं बाहेरगावी काम निघायचं. मला ते फार आवडायचं. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर तुमच्या चहात साखर बरोबर घालत असे.

मागच्या वर्षी मात्र तुम्ही गेला नाहीत. प्रयोग संपल्यावर माझ्या टेबलाशी आलात आणि एक लेख ठेवलात, परदेशी अंकातून छापून आलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. थंडीत प्लेटलेटचं कडं विरघळतं, तेच. त्यावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा. आठवतं का, आपण लेखकांना लेख मागवायची छापील कार्डं पाठवायचो, पत्ते मी घालायचे? त्या दुष्काळात घातलेल्या एका पत्त्याचं उत्तर होतं ते. तुमचा प्रबंध सादर होण्याआधी आलं होतं. परदेशी तिकिटांचा लिफाफा मी पाहिला होता, तुम्ही तो न उघडता घरी नेलात म्हणून आश्चर्यही केलं होतं.

"तू बरोबर होतीस," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आधीही लोकांनी पाहिलं होतं, पण तू स्वतः पाहिलंस."

चौदा वर्षं मी ज्या वाक्यासाठी थांबले होते ते तुम्ही असं बोललात, जसं डबा आणलास का विचारावं. मी म्हणाले, "मग शकूचा तो कागद चुकला असं पत्र लिहा. आत्ता. कागद देते."

"आता कशाला उकरायचं? तिचं वय काय?"

"तेहतीस."

"मग? आता तिला सांगून काय मिळणार? उलट जास्त दुःख. आणि सुमन, माझा अख्खा प्रबंध त्या बर्फावर उभा आहे."

"माझ्या बहिणीला घरात कांदा चिरू देत नाहीत, सर."

तुम्ही घड्याळाकडं बघितलंत. मग म्हणालात, "दिवाळीनंतर बोलू." दिवाळी झाली. त्यानंतर आपण बोललोही, परीक्षांचं, नव्या सेंट्रिफ्यूजचं, तुमच्या गुडघ्याचं. ते सोडून सगळं. तुम्ही मुद्दाम टाळत होतात आणि मी तुम्हाला टाळू देत होते, कारण मला खात्री होती की वेळ आहे. तुम्ही मला त्यातही फसवलंत. भांडण अर्धं टाकून मरणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे. त्या दगडावर बसताना तुमच्या खिशात पेन होतं, काकूंनी दाखवलं मला. मला सांगा, चार ओळी लिहायला किती शाई लागली असती?

तुमचं दहावं झालं आणि मी रविवारी सकाळच्या गाडीनं ईटला गेले. घरात माय आणि शकू दोघीच. माय उंबऱ्याशी गोधडी शिवत होती, शकू सुपात ज्वारी पाखडत होती. मी शकूपुढं बसले आणि सगळं सांगितलं. सरांचं, लेखाचं, पत्र लिहायला नाही म्हणाले त्याचं, आणि बर्फ माझ्या हातानं भरला होता त्याचं. सांगताना मला वाटत होतं की ती तुम्हाला शिव्या देईल आणि मग आम्ही दोघी मिळून देऊ. त्याची मी मनातल्या मनात तयारी करून आले होते.

तिनं सूप खाली ठेवलं. "मंजी माज्या रगतात काय बी खोट न्हाय?"

"न्हाय."

"कशावरनं?"

मी तिला शेळ्यांचं सांगायला लागले.

"शेळीचं नगं सांगूस आक्का. माजं सांग. माजं कवा बघितलंस?"

तिचं रक्त त्या थर्मासानंतर मी कधी बघितलंच नव्हतं.

"मग आत्ता बघ," ती म्हणाली आणि बाही वर सारली. मायनं गोधडी टाकली, "आगं न्हाय, आगं सरांनी लिव्हलंय," म्हणत मधे आली. शकूनं तिला हातानं बाजूला केलं. इतक्या वर्षांत तिला मायला हात लावून सरकवताना मी पाहिलं नव्हतं. दोरा कापायला मायनं ठेवलेलं नवं पातं होतं, ते मी उकळून घेतलं. कोपराच्या खाली आतल्या बाजूला एक बारीक छेद दिला. प्रयोगशाळेत पोरांना शिकवते तसा. मनगटावरचं घड्याळ बघायला लागले आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यानं दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब टिपायला लागले.

पहिला ठिपका मोठा आला. दुसराही. माय भिंतीला धरून डोळे मिटून उभी होती. मला आत काय चाललंय ते दिसत होतं, सर, तुम्हीच दाखवायला शिकवलं होतंत. चकत्या कडेला येऊन चिकटत होत्या, कॅल्शियम वाढत होतं, कडी आक्रसत होती, पडून राहिलेलं सामान उठून उभं राहत होतं. एकही घाई करत नव्हती. तिसरा ठिपका लहान आला, पाचवा त्याहून लहान. सातवा टाचणीच्या डोक्याएवढा. आठव्याला फडकं कोरं निघालं.

"थांबलं का?" मायनं डोळे न उघडता विचारलं.

"थांबलं. चार मिनिटांत. माझंही एवढ्याच वेळात थांबतं."

माय खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. शकू रडली नाही. हात उजेडाकडं धरून त्या लाल रेघेकडं बघत राहिली. मग फडकं माझ्या हातातून घेतलं, त्याच्यावरचे ठिपके पाहिले, मोठ्याकडून लहानाकडं, एकेक.

"एवडंच असतंय व्हय?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"पातं आन् फडकं?"

"व्हय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. सर, तुम्हाला जाळायला म्हणून मी एवढं सगळं मनात रचून ठेवलं होतं, आणि त्या घरात तुमचं नाव घ्यायची आता कुणालाच गरज उरली नव्हती.

"मंग ह्ये तुला तवा येत न्हवतं का?"

"येत होतं," मी म्हणाले.